हजारभर फाइल्समध्ये जिल्ह्यांची नावं बदलायची आहेत, सेडने कसं करू?

शिवारमित्र

नमस्कार मंडळी. लातूरच्या एका संस्थेच्या वेबसाइटचं काम बघतो, शेती आणि पशुपालनाची माहिती असलेली साइट आहे. साधी एचटीएमएल पानं आहेत, डेटाबेस वगैरे काही नाही, सोबत बाजारभाव आणि लसीकरण शिबिरांच्या सीएसव्ही फाइल्स. बऱ्याच वर्षांत बऱ्याच लोकांनी भर घातलीय, त्यामुळे फोल्डरात फोल्डर आणि हजाराच्या वर फाइल्स झाल्यात.

आता संस्थेने ठरवलंय की सगळीकडे जिल्ह्यांची नवी नावं हवीत. म्हणजे औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर. एकेक फाइल उघडून करायचं म्हटलं तर महिना जाईल आणि तरी काहीतरी राहणारच. मशीन उबंटूची आहे, टर्मिनलची बऱ्यापैकी सवय आहे, सेड या कमांडने शब्द बदलता येतो एवढं माहीत आहे, पण एकदम एवढ्या फाइल्सवर चालवायची हिंमत होत नाहीये. आधी विचारून घ्यावं म्हटलं. फाइल्सच्या नावांत काही ठिकाणी स्पेसही आहेत, त्याने अडतं का? आणि नीट झालंय की नाही हे शेवटी कसं बघायचं? जरा सविस्तर सांगा.

---

काळी_खिडकी

बरं झालं आधी विचारलंत. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, मशीनवर अर्थातच रोमनमध्ये टाका.

पहिलं काम बॅकअप. फोल्डर गिटमध्ये (फाइल्समधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) नसेल तर आत्ताच गिट इनिट, गिट अ‍ॅड, गिट कमिट करून टाका. याचा फायदा फक्त मागे जाता येण्यापुरता नाही, नंतर नेमकं काय बदललं ते ओळीनुसार बघता येतं आणि तुमच्या कामात खरी गरज त्याचीच आहे.

दुसरं, लगेच बदलायला जाऊ नका. आधी काय काय आहे ते बघा. नुसतं ग्रेप करून (म्हणजे शब्द शोधून) हजारो ओळी वाचण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा हे चालवा:

ग्रेप -आरएचओ 'औरंगाबाद[^ ,.<]*' . | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन

यात -आर म्हणजे सगळ्या आतल्या फोल्डरांत शोध, -एच म्हणजे फाइलचं नाव छापू नको (हा एच लहान लिपीतला), -ओ म्हणजे पूर्ण ओळ नको, जुळलेला तेवढाच भाग दे. चौकोनी कंसातला भाग सांगतो की औरंगाबादच्या पुढे स्पेस, स्वल्पविराम, टिंब किंवा टॅग येईपर्यंत जे काही चिकटलेलं आहे ते सगळं घे. मग सॉर्ट, मग एकसारखे शब्द मोजून, जास्त वेळा आलेला वर. म्हणजे हजार फाइल्समध्ये हा शब्द किती वेगवेगळ्या रूपांत आलाय त्याची एका पडद्यावर मावेल अशी यादी मिळते. तिन्ही नावांची अशी यादी काढा, पुढचं सगळं त्यावर ठरेल.

बदलायची कमांड साधारण अशी:

ग्रेप -आरएल --नल --इन्क्लूड='*.एचटीएमएल' 'औरंगाबाद' . | एक्सआर्ग्स -० सेड -आय 'एस/औरंगाबाद/छत्रपती संभाजीनगर/जी'

ग्रेपचा -एल फक्त फाइल्सची नावं देतो, एक्सआर्ग्स ती नावं सेडला पोचवतो. --नल आणि एक्सआर्ग्सचा -० ही जोडी स्पेसवाल्या नावांसाठी, ती नसेल तर "शेळी पालन.एचटीएमएल" या एका फाइलच्या एक्सआर्ग्स दोन फाइल्स समजतो आणि सेड एरर देतो. शेवटचा जी विसरू नका, नाहीतर प्रत्येक ओळीतलं पहिलंच नाव बदलेल आणि सीएसव्हीत एका ओळीत दोनदा आलेलं तसंच राहील.

सरळ सगळ्या फाइल्सवर सेड सोडण्याऐवजी आधी ग्रेपने गाळून का घ्यायचं, तर सेड -आय हा जिथे काहीच जुळत नाही ती फाइलसुद्धा नव्याने लिहून काढतो. सगळ्या फाइल्सची तारीख बदलते, आणि तुम्ही तारीख बघून सर्व्हरवर चढवत असाल तर अख्खी साइट परत चढते. शिवाय इन्क्लूड न लावता चालवलंत तर तो गिटच्या लपलेल्या फोल्डरात आणि फोटोंमध्येही शिरेल, तिथे बाइट हलले की रिपॉझिटरी खराब.

पण ही कमांड आत्ता चालवू नका, यादी आली की बोलू.

---

मुद्रितशोधन_करते

काळी_खिडकी यांनी यादी काढायला सांगितलंय ते फार महत्त्वाचं आहे, कारण वरची कमांड तशीच चालवली तर मराठी बिघडेल. मला कमांडमधलं कमी कळतं पण गेली काही वर्षं मजकूर तपासायचं काम करते आणि नावं बदलल्यापासून असा मोडलेला मजकूर रोज समोर येतो, म्हणून लिहिते.

आपण "औरंगाबादेत" म्हणतो, "हैदराबादेत" म्हणतो. बाद शेवटी असलेल्या गावांचं सामान्यरूप ए लागून होतं. औरंगाबादेत, औरंगाबादेहून, औरंगाबादेतील, औरंगाबादेस. आता नुसतं औरंगाबादच्या जागी छत्रपती संभाजीनगर टाकलं तर पुढचा "ेत" तसाच उरतो आणि तयार होतं "छत्रपती संभाजीनगरेत". असं कुणी बोलत नाही. "संभाजीनगरात" किंवा "संभाजीनगरमध्ये" हवं. तेच "उस्मानाबादेत"चं, त्याचं "धाराशिवेत" होईल, हवं "धाराशिवात".

अहमदनगरचं मात्र सोपं आहे, जुनं आणि नवं दोन्ही नावं नगरवरच संपतात. अहमदनगरात, अहमदनगरला, अहमदनगरचे, जे काही असेल ते अहिल्यानगरला आपोआप नीट बसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळीकडे बदलणं बरोबरही नाही. माझ्या डोक्यात पटकन येणारी काही उदाहरणं:

उस्मानाबादी शेळी. ती जात त्याच नावाने नोंदलेली आहे, जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून जातीचं बदलत नाही. तुमची साइट पशुपालनाची आहे म्हणजे हे शंभर ठिकाणी असणार. "धाराशिवी शेळी" असं साइटवर गेलं तर शेतकरी ती माहिती शोधणार कशी?

औरंगाबाद खंडपीठ. उच्च न्यायालयाचं नाव शहराच्या नावाबरोबर आपोआप बदलत नाही, मुंबईचं नाव १९९५ ला बदललं पण हायकोर्ट अजून बॉम्बे हायकोर्टच आहे.

औरंगाबाद लेणी, अहमदनगर कॉलेज, अशी स्मारकांची आणि संस्थांची नावं. ती ज्यांची त्यांनी बदलेपर्यंत तशीच.

बिहारमधलं औरंगाबाद. तोही जिल्हा आहे, आणि तुमच्याकडे देशभरातल्या बाजार समित्यांचे भाव असतील तर तो यादीत असणारच. तो छत्रपती संभाजीनगर झाला तर माहितीच खोटी होईल.

आणि माणसांची आडनावं. औरंगाबादकर आडनावाचे लोक आहेत. शिबिराला आलेल्या शेतकऱ्यांच्या याद्या असतील तर तिथे नीट बघा, कुणाचं आडनाव आपण कसं काय बदलणार.

---

शिवारमित्र

दोघांचेही मनापासून आभार. यादी काढली आणि ताई म्हणतात ते सगळंच्या सगळं निघालं. औरंगाबादेत, औरंगाबादेतील, औरंगाबादहून, औरंगाबादमधील, औरंगाबादच्या, औरंगाबादसह. बिहारचं औरंगाबाद कांद्याच्या भावांच्या फाइल्समध्ये आहे. उस्मानाबादी तर उस्मानाबादपेक्षा जास्त वेळा आलाय, आमचा शेळीपालनाचा विभागच मोठा आहे.

काही ठिकाणी कुणीतरी आधीच "औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर)" असं लिहून ठेवलंय. ते तर "छत्रपती संभाजीनगर (छत्रपती संभाजीनगर)" होईल. मग एवढे सगळे अपवाद सेडला सांगायचे कसे? आणि एक अजून चमत्कारिक प्रकार, दोनतीन पानं अशी आहेत की ब्राउझरमध्ये औरंगाबाद स्वच्छ दिसतंय पण ग्रेपला ती फाइल सापडतच नाही. कॉपी पेस्ट करून शोधलं तरी नाही.

---

काळी_खिडकी

अपवादांचं आधी सांगतो, न सापडणाऱ्या फाइल्सचं कुणीतरी जाणकार सांगेलच.

सगळे नियम एका फाइलमध्ये लिहा, प्रत्येक ओळीवर एक. ही फाइल साइटच्या फोल्डरबाहेर ठेवा. सेड प्रत्येक ओळीला हे नियम वरून खाली याच क्रमाने लावतो, त्यामुळे क्रमावरच सगळा खेळ आहे. युक्ती अशी की जे हलवायचं नाही त्याला आधी झाकून ठेवायचं, मग बदल करायचे, मग झाकलेलं परत उघडायचं.

एस/औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर)/छत्रपती संभाजीनगर/जी
एस/उस्मानाबादी/@@१@@/जी
एस/औरंगाबाद खंडपीठ/@@२@@/जी
एस/औरंगाबाद लेण/@@३@@/जी
एस/औरंगाबादकर/@@४@@/जी
एस/अहमदनगर कॉलेज/@@५@@/जी
एस/औरंगाबादे/छत्रपती संभाजीनगरा/जी
एस/उस्मानाबादे/धाराशिवा/जी
एस/औरंगाबाद/छत्रपती संभाजीनगर/जी
एस/उस्मानाबाद/धाराशिव/जी
एस/अहमदनगर/अहिल्यानगर/जी
एस/@@१@@/उस्मानाबादी/जी
एस/@@२@@/औरंगाबाद खंडपीठ/जी

आणि तशाच ३, ४, ५ च्या ओळी खाली.

मधल्या "औरंगाबादे" वाल्या ओळीकडे बघा, ताईंनी सांगितलेला मुद्दा तिथे एका ओळीत सुटतो. बादला ए लागतो तिथे नगरला आ लागतो, एवढंच बदलायचंय. म्हणजे बादेत असेल तर नगरात, बादेतील असेल तर नगरातील, बादेहून असेल तर नगराहून, बादेस असेल तर नगरास. प्रत्येक रूपासाठी वेगळा नियम लागत नाही, फक्त ही ओळ साध्या औरंगाबादच्या ओळीच्या वर असायला हवी. खाली ठेवलीत तर साधा नियम आधी सगळं खाऊन टाकेल आणि हिच्या वाट्याला काहीच येणार नाही.

"लेण" अर्धवट लिहिलंय ते मुद्दाम. लेणी, लेण्या, लेण्यांमध्ये, सगळ्यांत ल, ए ची मात्रा आणि ण तेवढंच समान आहे.

पहिल्या ओळीतले कंस तसेच चालतात, साध्या सेडमध्ये गोल कंसाला खास अर्थ नसतो. मात्र -ई लावून एक्स्टेंडेड चालू केलंत, हा ई कॅपिटल, तर तिथे उलटा स्लॅश द्यावा लागेल. आणि @@ हे चिन्ह तुमच्या फाइल्समध्ये आधीपासून कुठे नाही ना, ते ग्रेप करून खात्री करा.

बिहारचं मी नियमात घेतलं नाही. कुठे "औरंगाबाद (बिहार)" असेल, कुठे "बिहारमधील औरंगाबाद", कुठे राज्य वेगळ्या कॉलममध्ये, सेडला ते कळणार नाही. कांद्याच्या फाइल्स या फेरीतून वगळा. तिथे ऑक (कॉलमनुसार काम करणारी कमांड) चालेल, कारण सीएसव्हीत राज्याचा कॉलम असेल तर "राज्य महाराष्ट्र असेल तरच जिल्हा बदल" हे ऑकला एका ओळीत सांगता येतं. कॉलमच्या आत अवतरणातले स्वल्पविराम नाहीत ना तेवढं मात्र बघून घ्या.

चालवताना:

ग्रेप -आरएल --नल --इन्क्लूड='*.एचटीएमएल' -ई 'औरंगाबाद' -ई 'उस्मानाबाद' -ई 'अहमदनगर' . | एक्सआर्ग्स -० सेड -आय -एफ ../नियम.सेड

इथला -ई लहान, एकापेक्षा जास्त शब्द शोधायला. आधी एकाच फाइलवर -आय न लावता चालवा, म्हणजे फाइलला हात न लावता निकाल पडद्यावर येईल. पटलं की मग सगळ्यांवर.

---

बाइट_बघ्या

न सापडणाऱ्या फाइल्सबद्दल. असा प्रकार मराठी मजकुरात खूप आहे आणि कारणं चार पाच असतात, तुमच्याकडे कुठलं ते बघावं लागेल.

सगळ्यात जास्त भेटणारं म्हणजे औ हे अक्षर. खरं औ हे एकच कॅरेक्टर आहे, युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा नंबर आहे. पण काही लोक अ टाइप करून त्याला ौ ची मात्रा लावतात, दिसायला तेच. आणि जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्टरने आणलेला मजकूर असेल तर अ, मग काना, मग ै ची मात्रा अशी तीन कॅरेक्टर येतात, अाैरंगाबाद. काही वर्तमानपत्रांच्या जुन्या वेब पानांवर तर सगळीकडे हेच असायचं, तिथून बातमी कॉपी केली की तुमच्या फाइलमध्ये पण तेच येतं. वाचणाऱ्याला फरक कळत नाही पण ग्रेप बाइट बघतो, त्याच्यासाठी हे तीन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवून पण हे एक होत नाहीत, अ अधिक मात्रा म्हणजे औ असं युनिकोड मानतच नाही.

तपासायचं असेल तर ती ओळ एक्सएक्सडी (बाइट दाखवणारी कमांड) मध्ये टाका. देवनागरीचं प्रत्येक कॅरेक्टर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं. औरंगाबादमध्ये आठ कॅरेक्टर आहेत (औ, र, अनुस्वार, ग, काना, ब, काना, द) म्हणजे नीट लिहिलेला शब्द चोवीस बाइट. सत्तावीस किंवा तीस आले तर समजायचं औ फुटलेला आहे.

उपाय म्हणजे नावं बदलायच्या आधी एक स्वच्छतेची फेरी, वेगळी नियम फाइल करून:

एस/अाै/औ/जी
एस/अाे/ओ/जी
एस/अौ/औ/जी
एस/अो/ओ/जी
एस/अा/आ/जी

इथेही लांब आधी, छोटं नंतर. अा ची ओळ वर गेली तर अाै चं "आ आणि सुटी मात्रा" होऊन बसेल. ही फेरी मी कुठल्याही मराठी साइटवर करायला सांगेन, नावं बदलायची असोत नसोत, कारण तुमच्या साइटवर शोधणाऱ्याला पण आज ती पानं सापडत नाहीयेत. याचा कमिट वेगळा ठेवा.

दुसरं कारण, एचटीएमएलमध्ये अक्षरांऐवजी नंबर असणं. जुनी काही सॉफ्टवेअर मराठी सेव्ह करताना प्रत्येक अक्षराचा कोड लिहायची, औ साठी &#२३२४; आणि र साठी &#२३५२; असं (फाइलमध्ये अर्थात इंग्रजी आकडे). ब्राउझर ते वाचून अक्षर दाखवतो म्हणून तुम्हाला छान दिसतं, फाइल उघडली तर आकड्यांची माळ. कॉपी पेस्ट करून शोधूनही मिळत नाही म्हणालात त्यामुळे मला याचीच शंका जास्त आहे. ग्रेपने '&#२३' शोधा, अशा फाइल्सची यादी मिळेल. पायथनच्या एचटीएमएल मॉड्यूलमध्ये अनएस्केप आहे, पण ते अख्ख्या फाइलवर चालवू नका, ते लेसदॅन ग्रेटरदॅनचे कोड पण उघडेल आणि पानाची मांडणी बिघडेल. पर्लने फक्त २३०४ ते २४३१ मधले नंबर उघडा, देवनागरी तेवढ्यातच आहे.

तिसरं, फाइल यूटीएफ-१६ मध्ये असणं. नोटपॅडच्या जुन्या आवृत्तीत सेव्ह करताना "युनिकोड" निवडलं की ते होतं. फाइल नावाचीच कमांड आहे, ती प्रत्येक फाइलचं एन्कोडिंग सांगते, मग आयकॉन्व्हने बदलून घ्या, आणि पानाच्या वरच्या मेटा टॅगमध्ये कॅरेक्टरसेट काय लिहिलाय ते पण बघा.

चौथं, मजकूर युनिकोड नसणंच. श्रीलिपी, कृतीदेव वगैरे फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर आत रोमन अक्षरांचा काला असतो. त्याला कन्व्हर्टरशिवाय इलाज नाही. आणि वर्डच्या फाइल्स साइटवर डाउनलोडला ठेवल्या असतील तर त्यात ग्रेपला काहीच दिसणार नाही, डॉकएक्स ही मुळात झिप असते.

---

परभणी_टू_पुणे

मॅकवर कुणी हे करणार असेल तर दोन गोष्टी. मॅकच्या सेडला -आय च्या पुढे बॅकअपचं एक्स्टेन्शन लागतंच, नुसतं -आय दिलं की तो पुढचा भाग एक्स्टेन्शन समजतो आणि विचित्र एरर येते. -आय.बॅक असं चिकटवून लिहिलं तर लिनक्स आणि मॅक दोन्हीकडे चालतं, वर प्रत्येक फाइलची जुनी कॉपी पण राहते. ग्रेपला --नल लिहिलंय तेच ठेवा, त्याऐवजी कॅपिटल झेड वापरायची सवय असते लोकांना पण मॅकच्या ग्रेपमध्ये त्याचा अर्थच वेगळा आहे. "इललीगल बाइट सिक्वेन्स" असं आलं तर ती फाइल यूटीएफ-८ नाही एवढंच समजा, वर बाइट_बघ्यांनी सांगितलंय तसं आधी एन्कोडिंग नीट करा.

आणि दादा, लिंका सांभाळा. फोटोच्या फाइलचं नाव "औरंगाबाद-शिबिर.जेपीजी" असेल तर पानातलं नाव बदलेल आणि डिस्कवरचं तसंच राहील, फोटो दिसायचा बंद. एचरेफ आणि एसआरसी च्या पुढे ही नावं कुठे आहेत ते आधी ग्रेप करा. रोमनमधलं नाव बदलताना फक्त मोठ्या लिपीतल्या अक्षरापासून सुरू होणारं बदला, सेडला मोठ्या लहान लिपीकडे दुर्लक्ष करायला सांगू नका, कारण पत्ते आणि ईमेल बहुतेक लहान लिपीत असतात आणि त्यांना हात लागता कामा नये. अहमदनगरची रोमन स्पेलिंगं पण दोन आहेत, जनगणनेच्या तक्त्यांत मधे ए आहे आणि बाकी बहुतेक ठिकाणी ई.

---

वहीखाते

मला मूळ मुद्द्यावरच बोलायचंय. नावं बदला, त्याला विरोध नाही, पण जुन्या अहवालांना हात लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

शहरांच्या नावाला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली, जिल्हा, तालुका, विभाग यांची अधिसूचना सप्टेंबर २०२३ ची. अहिल्यानगरचं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये झालं. त्याआधीचा कागद त्याआधीच्या नावानेच असायला हवा. २०११ च्या जनगणनेचा आकडा देऊन खाली "धाराशिव जिल्हा, जनगणना २०११" लिहिलं तर मूळ तक्ता शोधायला जाणाऱ्याला त्यात धाराशिव नावाचा जिल्हा सापडणारच नाही. लातूरचेच आहात म्हणून सांगतो, १९८२ मध्ये लातूर जिल्हा उस्मानाबादमधून वेगळा झाला, तुमच्या साइटवर ते वाक्य कुठेतरी असणार. निजामशाहीच्या अहमदनगरचा उल्लेख असेल तर तेही तसंच राहू द्या.

सीएसव्हीत अजून एक अडचण. तुमच्या जुन्या आणि नव्या फाइल्स कुणी जिल्ह्याच्या नावावर जोडत असेल, तर अर्ध्या बदलून अर्ध्या ठेवल्यावर जोडणी तुटते. त्यापेक्षा जिल्ह्याच्या कोडचा कॉलम ठेवा आणि नाव फक्त दाखवण्यापुरतं वापरा.

---

मुद्रितशोधन_करते

वहीखाते यांच्याशी बरीचशी सहमत, फक्त वाचणाऱ्याचा विचार करून एक भर घालते. आजचा शाळकरी मुलगा काही वर्षांनी "उस्मानाबाद" वाचून गोंधळेल. म्हणून इतिहासाच्या वाक्यात पहिल्या उल्लेखाला "तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातून" असं करावं, पुढे जुनं नाव तसंच चालू द्यावं. पण हे कमांडचं काम नाही, हे वाचून हाताने करायचं काम आहे आणि ते केलंच पाहिजे. लोक ही पानं विश्वासाने वाचतात.

---

शिवारमित्र

सगळ्यांचं वाचून संस्थेत बोललो. ठरलं ते असं: २०२३ च्या आधीच्या अहवालांचे फोल्डर पूर्ण वगळायचे, त्या पानांच्या वर फक्त एक ओळ टाकायची की यातली जिल्ह्यांची नावं त्या त्या काळातली आहेत. कांद्याच्या फाइल्स ऑकने वेगळ्या. बाकी सगळीकडे नियम फाइल.

न सापडणाऱ्या फाइल्समध्ये बाइट_बघ्या म्हणाले तसे आकडेच निघाले, &#२३ शोधल्यावर दोनतीन नाही तर जुन्या पीक सल्ल्याचा अख्खा फोल्डर सापडला. ती पानं आमच्या साइटवरच्या सर्चमध्ये का येत नाहीत असं शेतकरी विचारायचे, त्याचंही उत्तर मिळालं. ते आधी नीट केलं आणि मग स्वच्छतेची फेरी, दोन्ही कमिट वेगवेगळे. नावांची फेरी आज एका फोल्डरवर चालवली, उस्मानाबादी सगळे जागच्या जागी आहेत आणि औरंगाबादेतीलचं छत्रपती संभाजीनगरातील नीट झालंय.

आता दोन प्रश्न उरलेत. एवढे सगळे बदल डोळ्याखालून घालायचे कसे? आणि आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी नुसतं "नगर" लिहिलंय, नगर जिल्हा, नगर-मनमाड रस्ता असं, त्याचं काय करू?

---

काळी_खिडकी

बदल बघायला गिट डिफला --वर्ड-डिफ लावा, ओळीऐवजी शब्द दाखवतो, मराठीत पण चांगलं चालतं. त्यातलं नवं आलेलं तेवढं ग्रेप करून परत सॉर्ट, युनिक -सी मधून काढा. सुरुवातीला जुन्या रूपांची यादी काढली होती तशी आता नव्या रूपांची येईल, आणि त्यात "छत्रपती छत्रपती" किंवा "नगरे" असलं काही राहिलं असेल तर यादीच्या तळाशी एकदोनदा आलेल्यांत दिसेल. तळाकडून वाचा. उरलेले @@ पण एकदा शोधा, एखादी उघडायची ओळ राहिली असेल तर तिथेच पकडली जाते.

नुसत्या नगरला हात लावू नका. नियमात 'एस/नगर/अहिल्यानगर' लिहिलं तर छत्रपती संभाजीनगरचं संभाजीअहिल्यानगर होईल, नगरपालिका, नगरसेवक, उपनगर सगळ्यांचं तेच. शब्दाची हद्द सांगायला \बी असतं पण मराठीत मात्रा आणि जोडाक्षरांपाशी वेगवेगळी टूल्स वेगवेगळं वागतात, त्याच्यावर मी तरी भरवसा ठेवत नाही. "नगर जिल्ह" हे पुरेसं लांब आहे, त्यात जिल्हा, जिल्ह्यात, जिल्ह्यातील सगळे येतात, फक्त त्याच्या आधी स्पेस किंवा ग्रेटरदॅनचं चिन्ह आहे अशीच घ्या. तेवढं नियमाने करा. रस्ते, बाजार समित्या आणि नगर तालुका हे ग्रेप -एन ने ओळ नंबरासकट काढून एकेक बघा, तालुक्याचं नाव जुन्या नोंदींत नुसतं नगर असंच आहे.

---

परभणी_टू_पुणे

सर्व्हरवर चढवताना आरसिंकला आधी -एन लावून बघा, कुठल्या फाइल्स जाणार त्याची नुसती यादी देतो. ती यादी आणि गिटने बदललेल्या म्हणून दाखवलेल्या फाइल्स जुळल्या की मग खरं चढवा.

---

शिवारमित्र

नगर जिल्ह वालं चाललं. रस्ते आणि बाजार समित्यांची यादी काढली, चार पानं भरतील एवढी आहे, ती आमच्या पशुवैद्यक मॅडम आणि मी बसून बघतोय. नियम फाइल पूर्ण झाली की इथे टाकतो, मराठवाड्यातल्या बाकी संस्थांना पण लागणार आहेच.